आजोबांचं अक्षर

आमच्या पेडण्याच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. चतुर्थीच्या साफसफाईत ती खाली उतरवली. आत आजोबांचे कागद होते. पापेल सेलादवरचे अर्ज, जमिनीच्या कज्जांच्या नकला, काही कच्चे मसुदे. वाळवीने कडा खाल्ल्यात, पण अक्षर मात्र जसंच्या तसं. काय अक्षर होतं आजोबांचं! टाकानं लिहिलेलं, उजवीकडे किंचित झुकलेलं, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही.

आजोबा पोर्तुगीज काळात एका कचेरीत लेखनिक होते. सेगुंद ग्राव करून पुढे थोडं लिसेवही शिकलेले. त्यांच्या पिढीला या नोकरीचं अप्रूप का होतं, हे आज सांगितल्याशिवाय कळणार नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी हा नव्या काबिजादीचा मुलूख. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. इथल्या हिंदूंना सरकारी नोकरीचं दार खऱ्या अर्थानं उघडलं ते १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर. म्हणजे आजोबांच्या वडिलांना जे मिळणं कठीण होतं ते आजोबांना मिळालं होतं. गावातला माणूस नोटीस घेऊन आला की आजोबा ती वाचून दाखवत, उत्तर लिहून देत, एक रेंयसुद्धा न घेता. म्हणून आमच्या घराला मान होता. तो मान मीही लहानपणी पुष्कळ उपभोगला.

त्या मसुद्यांत एक जबानी निघाली. नाव, गाव काही नाही, फक्त मजकूर. माझं पोर्तुगीज बेतास बात, पण शेवटची ओळ कळली. वरील जबानी मी 'द लिव्र व्होंताद' दिली आहे. म्हणजे स्वखुशीने.

आणि मला वडिलांनी सांगितलेली गोष्ट आठवली.

१९५५ साल. सीमेवरून सत्याग्रही आत येत होते. १५ ऑगस्टला आमच्याच तालुक्यात पत्रादेवीला गोळीबार झाला. पंजाबहून आलेला कर्नैलसिंग तिथंच पडला. त्याच वर्षी फेब्रुवारीत अस्नोड्याचा बाळा मापारी पोलिसांच्या छळानं गेला होता. पकडलेल्यांची भाषा मराठी किंवा कोंकणी, आणि कागद हवा पोर्तुगीजमध्ये. मग दुभाषी कोण? आजोबांना बोलावणं येई. एके संध्याकाळी ते परत आले, ओसरीवर बसून राहिले, जेवले नाहीत. आजीनं दोनदा विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "हांवें कोणाक मारूंक ना. हांवें फकत बरयलें."

मी कुणाला मारलं नाही. मी फक्त लिहिलं.

खरंच होतं ते. आजोबांनी मुंगीसुद्धा मारली नसेल. पण ज्याची पाठ सुजलेली आहे अशा माणसानं 'स्वखुशीने' सांगितलं, असं सुंदर अक्षरात लिहून देणारं कुणीतरी लागतंच ना? सोटा चालवायला अडाणी शिपाई पुरतो. सोट्याचा पुरावा करायला मात्र शिकलेला माणूस हवा.

सालाझारची राजवट तर शिकलेल्यांचीच होती. तो स्वतः कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्रोफेसर. १९२८ मध्ये अर्थमंत्री झाला आणि १९३२ पासून १९६८ पर्यंत पंतप्रधान. त्याच्या काळात गोव्यात लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून मंजूर करून आणावी लागे. आता, मराठी पत्रिका लिस्बनचा पाखला वाचणार होता थोडाच! ती वाचायला कुणी आपल्यातलाच, मराठी शिकलेला माणूस बसलेला असणार. त्याच्या घरीही मुलं होती, चतुर्थीला माटोळी होती. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याचं नाव नाही. हुतात्म्यांची यादी आहे, जुलूम करणाऱ्यांची आहे. मधल्या माणसांची यादी कुणी केली नाही.

'तेव्हा दुसरं करण्यासारखं काय होतं?' असं आमच्याकडे नेहमी विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. पण उत्तरंही आहेत, आणि ती इथलीच आहेत.

डॉ. पुंडलिक गायतोंडे म्हापशाला शल्यविशारद होते. लिस्बनमध्ये शिकलेले, पत्नी पोर्तुगीज. १७ फेब्रुवारी १९५४ रोजी एका मेजवानीत गोवा म्हणजे पोर्तुगालच, असं बोलणं निघालं. डॉक्टर एवढंच म्हणाले की माझा निषेध आहे. त्यासाठी त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला नेण्यात आलं. मला गायतोंड्यांपेक्षाही त्या टेबलावरच्या बाकीच्या पाहुण्यांचा विचार जास्त सतावतो. त्यांनी काही वाईट केलं नाही. ते जेवले.

मडगावचे वकील आंतोनियु ब्रुतो द कॉस्ता यांची वाट वेगळी. गोव्याच्या भवितव्याबद्दल त्यांची मतं निराळी होती, तरीही राजकीय कैद्यांचे खटले त्यांनी चालवले. म्हणजे सरकारच्याच न्यायालयात, सरकारच्याच कायद्यानं, पण कैद्याच्या बाजूला उभं राहून.

आणि तिसरं उदाहरण शेवटचा गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा याचं. लष्करी इंजिनिअर, राजवटीचा अगदी वरचा नोकर. डिसेंबर १९६१ मध्ये सालाझारचा हुकूम होता की शरण जायचं नाही, शेवटच्या माणसापर्यंत लढायचं. काही पूल उडवले गेले, पण १९ डिसेंबरला त्यानं शरणागती पत्करली. विनाकारण मरू शकणारे हजारो जीव वाचले. लिस्बननं १९६३ मध्ये त्याला सैन्यातून काढून टाकलं. हुद्दा परत मिळाला तो १९७४ च्या क्रांतीनंतर. आयुष्यभर राजवटीची चाकरी केलेल्या माणसालाही शेवटच्या दिवशी 'नाही' म्हणता येतं, हे त्यानं दाखवलं.

योगायोग बघा, त्याच आठवड्यात, १५ डिसेंबर १९६१ रोजी, जेरुसलेममध्ये आइखमनला फाशीची शिक्षा सुनावली गेली. लाखो ज्यूंना मरणाकडे नेणाऱ्या गाड्यांची व्यवस्था पाहणारा अधिकारी. त्याचाही बचाव हाच होता की मी फक्त हुकूम पाळला. आजोबांना आइखमनच्या रांगेत बसवायचं माझ्या मनातही नाही. तराजूत फार फरक आहे. पण 'फक्त' हा शब्द दोघांच्या तोंडी एकच आहे, आणि तो मला झोपू देत नाही.

आजोबांना सहा माणसांचं कुटुंब होतं. नोकरी सोडा, असं मी आज पंख्याखाली बसून सांगणं सोपं आहे. पण ते दोन शब्द गाळता आले असते का? आजारपणाचं निमित्त काढता आलं असतं का? निदान त्या माणसाच्या घरी गुपचूप निरोप पाठवता आला असता का? कदाचित पाठवलाही असेल. ते कधी बोलले नाहीत आणि आम्ही कधी विचारलं नाही. न विचारण्यात आमची सोय होती. ती नोकरी होती म्हणून वडील शिकले, आणि वडील शिकले म्हणून मी.

मीही सरकारी नोकरीत आयुष्य काढलं. एका फाइलवर, जागेवर न जाता, 'पाहणी केली' असं लिहून सही केली आहे. वरून फोन होता. मला कुणी सोटा दाखवला नव्हता, कोठडीचं भय नव्हतं. फार तर बदली झाली असती. वृत्तपत्रं होती, न्यायालयं होती. आमच्याच मोपा विमानतळाचा पर्यावरण परवाना सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१९ मध्ये स्थगित केला होता. तो पुढच्या जानेवारीत मोकळा झाला ही गोष्ट वेगळी, पण प्रश्न विचारणारी जागा देशात होती. आजोबांच्या काळी ती नव्हती. म्हणजे 'नाही' म्हणणं मला त्यांच्यापेक्षा कितीतरी स्वस्त होतं, आणि तरीही मी म्हटलं नाही. मग त्यांचा न्याय मी कोणत्या तोंडानं करू?

तरी तो कागद मी फेकला नाही. मुलगी म्हणाली, अक्षर किती छान आहे, फ्रेम करून लावूया. मी म्हटलं, लावूया, पण आधी त्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवतो.