खर्चमेळ

जिल्ह्याच्या एका कार्यालयात मी 26 वर्षे लेखाशाखेत होतो. अनुदान नोंदवही माझ्या ताब्यात असायची. पानाच्या माथ्यावर मंजूर अनुदान, खाली एकेक देयक, शेवटच्या रकान्यात शिल्लक. वेतन 01, प्रवासखर्च 11, कार्यालयीन खर्च 13. प्रत्येकाचं पान वेगळं.

नवा होतो तेव्हा ती शिल्लक म्हणजे साहेबांनी घालून दिलेली मर्यादा, असं वाटायचं. एका संध्याकाळी लेखाधिकाऱ्यांनी समजावलं, "हा पैसा विधानसभेनं मत देऊन मंजूर केलाय. मागणीच्या एकूण रकमेवर रुपया जरी जादा गेला, तरी अनुच्छेद 205 प्रमाणे पुन्हा सभागृहापुढं जावं लागतं." जमेचं तसं नसतं. महसूल कमी आला तर अंदाज चुकला म्हणायचं; खर्च जास्त झाला तर त्याला मंजुरीच नाही. त्या दिवसापासून बेरीज दोनदा तपासल्याशिवाय मी वही मिटली नाही.

बीम्स ही अनुदानाची संगणकीय प्रणाली यायच्या आधीची गोष्ट. फेब्रुवारीत खर्चमेळासाठी, म्हणजे आमचे आणि त्यांचे खर्चाचे आकडे जुळवायला, महालेखापालांच्या कार्यालयात गेलो. शीर्ष 13 खाली त्यांचा आकडा आमच्यापेक्षा 1 लाख 84 हजारांनी जास्त! त्यांच्या हिशेबी आमचं अनुदान ओलांडलेलं होतं. पोटात गोळा आला. तीन दिवस प्रमाणकांचे गठ्ठे सोडले, बांधले. तिसऱ्या दिवशी दुपारी एक प्रमाणक हाती लागलं. सही दुसऱ्याच कार्यालयाच्या आहरण अधिकाऱ्याची, पण संकेतांकातला एक अंक चुकल्यानं रक्कम आमच्या नावावर पडली होती.

आमची सुटका झाली, पण मला त्या दुसऱ्या कार्यालयाची काळजी लागली. त्यांच्या नावावर तेवढीच खोटी शिल्लक दिसत असणार. फोन केला. तिथल्या लिपिकानं सांगितलं, त्यांच्याकडून वर्षभर कुणी खर्चमेळाला आलंच नव्हतं. कोषागाराच्या आकड्यावरच भिस्त. त्याच शिलकीवर फर्निचरचं देयक तयार होतं, सहीसुद्धा झालेली.

"थांबवा ते," मी म्हणालो. "मंजुरी नाही तुमच्याकडं."

बीम्सवर आता अनुदान शिल्लक नसेल तर देयकासाठी लागणारं प्राधिकारपत्रच निघत नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. तेव्हा सगळा भार वहीवर होता.

दुरुस्तीची नोंद मार्चच्या हिशेबात झाली. फर्निचरचं देयक एप्रिलमध्ये, नव्या अनुदानातून गेलं.