आंबेनळी घाटांतील दोन तास

महाबळेश्वराहून कोंकणांत उतरणारा प्रवासी आंबेनळी घाटांत शिरला, कीं त्याची दृष्टि मागें वळून प्रतापगड शोधूं लागते. आमची दृष्टि मात्र त्या दिवशीं जीपच्या पुढच्या चाकावर खिळलेली होती. त्या चाकांतून धूर निघत होता.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३७० मीटर उंच आहे. तेथून वाडा कुंभरोशीवरून पोलादपूरपर्यंतची वाट चाळीसएक किलोमीटरांची. तेवढ्यांत सव्वा किलोमीटराच्या आसपास उंची उतरावयाची असते. एकेकाळचें हें जावळीचें निबिड अरण्य. शिवाजी महाराजांनीं मोरोपंत पिंगळ्यांकरवीं प्रतापगड बांधविला तो याच वाटांवर नजर ठेवण्यासाठीं, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजीं अफजलखानाची भेट झाली तीही त्याच गडाच्या पायथ्याशीं. कोयना गडाच्या एका अंगानें दक्षिणेस निघून जाते, सावित्री मात्र कड्यावरून थेट कोंकणांत उडी घेते. आपला रस्ता सावित्रीच्या सोबतीचा. हें वैभव पाहतांना दुसरी गोष्टही विसरूं नये. २८ जुलै २०१८ रोजीं याच घाटांत एक बस दरींत कोसळून सुमारें तीस माणसें गेलीं.

आम्ही सहाजण हरिहरेश्वरास निघालों होतों. तें आमचें कुलदैवत. आत्याबाईंचें वय एक्याऐंशी. बारा वर्षें दर्शन घडलें नव्हतें, आणि ‘पुढच्या वर्षीं’ हा शब्द त्यांनीं आतां सोडून दिला होता. जीप आमच्या पुतण्याची. जुनी गाडी घेऊन त्यानें ती हौसेनें नवी केली होती: टायर मोठे घातले, पुढच्या चाकांचे जुने ड्रम काढून डिस्क बसविल्या, आणि पाय हलका पडावा म्हणून ब्रेकास बूस्टर जोडला. गाडी दिसावयास मोठी ऐटबाज झाली, यांत शंका नाहीं.

कुंभरोशी मागें टाकून उतार लागला आणि थोड्याच वेळांत ब्रेकचें पेडल नेहमींपेक्षां वर व टणक लागूं लागलें. पाय काढला तरी गाडी उतारावर मोकळी धांवेना. मग करपल्याचा वास आला. आम्ही कांहीं विचारणार, इतक्यांत तेंच टणक पेडल एकाएकीं मऊ झालें आणि तळाशीं गेलें! पुतण्यानें प्रसंगावधान राखून पहिला गिअर टाकला, हातब्रेक ओढला आणि डोंगराकडच्या गटारांत चाक उतरवून गाडी थांबविली. मुलें रडावयाचेंही विसरलीं होतीं.

चाकांखालीं दगड लावले. मोबाइलला रेंज नव्हती. थोरला मुलगा पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे धांवला. त्यास आम्हीं अडविलें, कारण तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलें तर ती वांकडी होते, प्रसंगीं तडकतेही. पाऊण तासानें पेडल पुनः जाग्यावर आलें. “काका, झालें! आतां पहिल्या गिअरमध्यें हळूहळू उतरूं,” पुतण्या म्हणाला. आमचें मन क्षणभर डळमळलें, हें कबूल केलें पाहिजे.

तेवढ्यांत खालून नारळ घेऊन येणारा एक टेंपो थांबला. चालक वयस्क, अबोल. त्यांनीं जॅक लावून पुढचें चाक उचलविलें. चाक हातानें फिरेना. मग बॉनेट उघडून मास्टर सिलिंडर बूस्टरला धरून ठेवणारे दोन नट त्यांनीं सैल केले आणि सिलिंडर नखभर पुढें ओढला. चाक तत्काळ मोकळें फिरलें!

त्यांनीं सांगितलेलें मर्म असें: पाय काढल्यावर पिस्टन पार मागें यावा लागतो, तेव्हांच तेल परत टाकींत जाण्याचें बारीक छिद्र उघडतें. नव्या बूस्टरचा दांडा किंचित् लांब राहिला होता. तो पिस्टनला सदैव दाबून धरी आणि छिद्र झांकलेलेंच राही. तेल तापून फुगलें, परतावयास वाट नाहीं, म्हणून तें स्वतःच ब्रेक दाबूं लागलें. दाबानें उष्णता, उष्णतेनें आणखी दाब, आणि शेवटीं तेल उकळलें. डॉट ३ जातीचें नवें तेल २०५ अंशांपर्यंत टिकतें. ओल शोषलेलें १४० च्या सुमारासच उकळूं शकतें. तेलाची वाफ झाली, कीं पाय वाफ दाबतो. चाकापर्यंत कांहींच पोंचत नाहीं.

त्यांनीं दोन्ही बोल्टांवर एकेक वॉशर घालून सिलिंडर पुढें बसविला आणि चाक पुनः फिरवून पाहिलें. “वर जायला हरकत नाही,” ते म्हणाले, “खाली मात्र नको. एकदा उकळलेल्या तेलावर माणसं बसवू नका.” पैसे देऊं केले, ते त्यांनीं घेतले नाहींत. त्यांच्या टेंपोमागोमाग आम्ही कुंभरोशीपर्यंत वर आलों.

तेथें चहा घेतांना पुतण्या एकाएकीं म्हणाला, “आत्याआजी, गाडी आठवडाभर जड चालत होती. नवे ब्रेक आहेत, बसतील आपोआप, असं मी धरून चाललो. बोललो नाही.”

रागाचे शब्द आमच्या ओठांवर आले होते. आत्याबाईंनीं त्यास जवळ बसविलें आणि म्हटलें, “आत्ता बोललास ना? मग झालं. देव काही पळून जात नाही.”

दुसऱ्या दिवशीं त्या एस. टी. नें घाट उतरल्या; सोबतीस पुतण्याच होता. आम्ही मागें राहून जीप गॅरेजांत नेली. तेथें दांडा मापांत आणला, तेल बदललें आणि दोन वॉशर काढून आमच्या हातीं दिले. मूळ रचनेंत बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें मर्यादा घातल्या आहेत. त्या जाचक वाटणाऱ्या तरुणांनीं हा घाट एकदां आठवावा. ज्या घरांत अशी हौस असेल, तेथें निघण्यापूर्वीं चाक उचलून हातानें फिरवून पाहावें, आणि उतरतांना चढणीचाच गिअर ठेवावा.

हरिहरेश्वराचा अंगारा आमच्या देव्हाऱ्यांत आहे. त्याच्या शेजारीं आत्याबाईंनीं ते दोन वॉशरही ठेवविले आहेत.