मोहिल्यांचा सलाम

रोहित शेट्टी यांचा 'सिंघम' २०११ साली आला तेव्हा आपण गोवेकर खूश झालो होतो. बाजीराव सिंघम हा शिवगड नावाच्या कल्पित गावचा, पण त्याने जयकांत शिक्रेला वठणीवर आणले ते आपल्या गोव्यात. २०१४ च्या 'सिंघम रिटर्न्स'ने मुंबईची वाट धरली. मग २०१८ च्या डिसेंबरात 'सिम्बा' आला तो पुन्हा थेट मिरामारला! तसा हा सरळ उत्तरभाग नव्हे, पण घराणे तेच. नायक संग्राम भालेराव शिवगडचाच, आणि अडचणीत सापडल्यावर त्याला सोडवायला धावतो तो सिंघमच.

हा चित्रपट मी दुसऱ्यांदा पाहिला तो बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात, एका स्नेह्यांच्या घरी टीव्हीवर. दर्गा-ए-हकीमीमुळे बोहरा यात्रेकरूंना हा भाग चांगला ठाऊक आहे. राज्य मध्य प्रदेशचे, पण आपला रावेर तालुका लागूनच, त्यामुळे मराठी बोलणारी घरे इथे पुष्कळ. घरातल्या आजींनी मध्येच विचारले, "काय हो, तुमच्या गोव्यातले पोलीस असेच असतात का?" मी म्हटले, "आजी, असे असते तर निदान कोंकणी तरी बोलले असते!"

विनोद सोडा, पण ही उणीव खरीच आहे. मिरामारच्या ठाण्यात आणि गल्लीत कोंकणी जवळजवळ ऐकूच येत नाही. गोवा म्हणजे समुद्र, पब आणि नाचगाणे, एवढाच हिशेब. ठाण्यासमोर जेवणाचा धंदा चालवणारी शगुन (सारा अली खान) उत्तरार्धात कुठे हरवते तेही कळत नाही.

तरीही पूर्वार्ध झकास आहे, हे मान्य करायलाच हवे. रणवीर सिंहने मराठी वळणाच्या हिंदीत लाचखाऊ पोलिसाचा जो काही धुमाकूळ घातला आहे, तो पाहून लोधीपुऱ्यातले ते घर पोट धरून हसत होते. सिद्धार्थ जाधवचा तावडे त्याला झकास साथ देतो. आणि या गोंधळात शांत उभा असतो आशुतोष राणांचा हवालदार नित्यानंद मोहिले. साहेब पैसे खातो म्हणून त्याला सलाम न ठोकणारा हा हवालदार म्हणजे माझ्या मते या चित्रपटातली सर्वांत चांगली कल्पना. हुद्दा लहान, पण सलाम हातात राखून ठेवलेला!

मग आकृतीवर (वैदेही परशुरामी) बलात्कार होतो, तिचा खून होतो, आणि सिम्बा बदलतो. दोघा आरोपींना तो पोलीस ठाण्यातच गोळ्या घालतो आणि चकमकीचा बनाव रचतो. ज्या तेलुगू 'टेंपर'वर (२०१५) हा चित्रपट बेतला आहे, त्यातला नायक निदान न्यायालयात उभा राहतो. इथे सगळे कोठडीतच आटोपते. आमच्याकडे टाळ्या पडल्या. आजी म्हणाल्या, "बरं झालं मेल्यांचं!"

आजींना दोष कसा देणार? देवळाच्या उत्सवातल्या नाटकांत ज्याने कधी हातभार लावला आहे, त्याला ठाऊक असते की गंभीर प्रवेशाआधी विनोदी प्रवेश का घालतात. हसलेला प्रेक्षक सैल होतो, नटाला आपला मानतो. तासभर आपल्याला हसवणारा सिम्बा गोळी झाडतो तेव्हा ती 'आपल्या माणसाने' झाडलेली असते. चित्रपटाचे बळ ते हेच, आणि खोटही हीच. शिवाय गुन्हेगार कोण हे पडद्यावर आपण जाणतो. बाहेर ते कोण ठरवणार?

सिम्बानंतर वर्षभराने, ६ डिसेंबर २०१९ रोजी, हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये उघड झाला. चकमकीची पोलिसांनी सांगितलेली हकीकत विश्वासार्ह नाही, जीव घेण्याच्या हेतूनेच गोळीबार झाला, आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असा त्याचा निष्कर्ष. तोवर फुले केव्हाच सुकली होती.

आपण गोवेकरांना तर हे हैदराबादकडून शिकायची गरज नव्हती. कासिमिरो मोंतेरो हे नाव काढताच जुनी माणसे अजून गप्प होतात. १९५० च्या दशकात स्वातंत्र्यसैनिकांचा अमानुष छळ करणारा हा पोर्तुगीज पोलीस. पुढे उंबेर्तो देल्गादो या सालाझारविरोधी नेत्याच्या १९६५ मधील हत्येतही तो होता. पकडणारा, ठरवणारा आणि शिक्षा देणारा एकच झाला की काय होते, हे आपल्या आधीच्या पिढीने अंगावर झेलले आहे. मोंतेरो वाईट होता आणि सिम्बा चांगला, असे कोणी म्हणेल. पण कोठडीच्या दारावर आतला अधिकारी चांगला की वाईट, अशी पाटी नसते.

म्हणून मला खटकतो तो सिम्बा नव्हे, मोहिले. लाचेच्या पैशापुढे ज्याचा हात वर गेला नाही, त्याचा विवेक खोट्या चकमकीपुढे मात्र अडत नाही. लेखक-दिग्दर्शकांनी त्या क्षणी मोहिल्यांचा सलाम रोखून धरला असता, तर टाळ्या कदाचित कमी पडल्या असत्या. पण मिरामारच्या त्या ठाण्यात एक तरी खरा पोलीस उरला असता.