हरणाऱ्यांचा वाटा

एकही सामना न हरतां अजिंक्यपद मिळविणाऱ्या संघाचें मनुष्यमात्रास मोठें कौतुक वाटतें, आणि तें स्वाभाविकच आहे. ज्या जगांत भल्याभल्यांचाही आठवड्यांतून एकदां तरी कोठें ना कोठें पराभव होतो, कचेरींत, घरीं, निदान भाजीबाजारांत तरी, त्या जगांत कोणी सबंध हंगामभर हरलें नाहीं, ही वार्ता ऐकून आपणांसही किंचित् धीर येतो. या कौतुकास आमचा विरोध नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, त्यांत एका पक्षाचा वाटा नेहमीं बुडविला जातो. तो पक्ष म्हणजे हरणाऱ्यांचा.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर अपराजित हंगामाचें थोर उदाहरण आमच्याच पेशांतील एका गृहस्थांनीं घालून दिलें आहे. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृत शिकविणारे प्रा. दिनकर बळवंत देवधर यांच्या नायकत्वाखालीं महाराष्ट्राच्या क्रिकेट संघानें १९३९-४० सालीं रणजी करंडक प्रथमच जिंकला आणि १९४०-४१ सालीं तो पुनः जिंकून राखला. पहिल्या वर्षीं पुण्यास संयुक्त प्रांताचा, तर दुसऱ्या वर्षीं मद्रासेस जाऊन मद्रासचा त्यांनीं अंतिम सामन्यांत पाडाव केला. त्या काळीं ही स्पर्धा बाद पद्धतीची होती. जो एकदां हरला, तो घरीं गेला. तेव्हां दोन हंगाम करंडक हातीं ठेवणें याचा अर्थच दोन हंगाम अपराजित राहणें असा होता.

या दोन वर्षांच्या पराक्रमांतून लोकांच्या स्मरणांत ठळकपणें उरलें तें काय? विजय हजारे यांनीं बडोद्याविरुद्ध काढलेल्या नाबाद ३१६ धांवा उरल्या, हें खरें. पण त्याहूनही अधिक गोडीनें जुने लोक सांगत, ती कथा पुण्यास मुंबईशीं झालेल्या १९४०-४१ च्या सामन्याची. त्यांत देवधरांनीं वयाच्या ४९ व्या वर्षीं २४६ धांवा काढल्या. ज्या वयांत आमच्यासारखे अध्यापक दुसऱ्या मजल्यावरील वर्गास जातांना मध्यें कठड्यास हात लावून उभे राहतात, तें हें वय! महाराष्ट्राचा डाव ६७५ धांवांवर संपला. मुंबईनें उत्तर दिलें तें ६५० धांवांचें. पहिल्या डावांतील अवघ्या २५ धांवांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढें गेला.

वाचकांनीं क्षणभर असें समजावें कीं, पावणेसातशें धांवांचा डोंगर पाहून मुंबईकरांनीं धीर सोडला असता आणि ते दीडशें धांवांत गुंडाळले गेले असते. महाराष्ट्राचा विजय कागदोपत्रीं अधिक मोठा दिसला असता. परंतु देवधरांच्या त्या खेळीची किंमत मात्र उतरली असती. एकेक धांव मोलाची होती, हें सिद्ध केलें तें मुंबईच्या ६५० धांवांनीं. थोडक्यांत, देवधरांच्या कीर्तीस मुंबईकरांनीं हातभार लावला, आणि तो हरून लावला.

याची उलट बाजू पाहावयाची असेल, तर आठ वर्षें पुढें यावें. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यासच काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर खेळत होते. तिसऱ्या दिवशीं उपाहाराची वेळ झाली, तेव्हां महाराष्ट्राच्या ४ गडी बाद ८२६ धांवा झाल्या होत्या, व निंबाळकर ४४३ धांवांवर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा १९३० सालचा नाबाद ४५२ धांवांचा जागतिक उच्चांक मोडण्यास आणखी दहा धांवा पुरे होत्या. उपाहारानंतर पांच-सात षटकांचें काम! पण काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांस आपल्या संघाची ही शोभा पाहवेना. त्यांनीं सामना सोडून दिला. महाराष्ट्र जिंकला, आणि निंबाळकर ४४३ वरच राहिले. पुढें त्यांस एकदांही कसोटी सामन्यांत खेळावयास मिळालें नाहीं. प्रतिपक्ष मैदान सोडून गेला, म्हणजे त्याची अब्रू वांचते कीं नाहीं कोण जाणे. जिंकणाऱ्याचें मात्र निश्चित नुकसान होतें.

हा सर्व विचार आम्ही केवळ करमणुकीखातर मांडीत नाहीं. आम्ही चिपळुणास ज्या महाविद्यालयांत शिकवितों, तेथें बास्केटबॉलचा एक संघ आहे. हा खेळ मुळांत छपराखालचा. अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें डिसेंबर १८९१ मध्यें नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें तो रचला, तोच मुळीं हिवाळ्यामुळें कोंडून पडलेल्या विद्यार्थ्यांस आंत खेळतां यावें म्हणून. आमच्याकडे तो उघड्या आकाशाखालीं आला. जून ते सप्टेंबर कोंकणांत आकाश उघडें असतें कोठें? आमच्या गांवच्या मोठ्या मैदानाचें नांवच पवन तलाव. पावसाळ्यांत त्यांतील उत्तरार्धच अधिक खरा वाटूं लागतो. महाविद्यालयाच्या अंगणांतील फरशीवर शेवाळ धरतें, आणि मुलें खराट्यानें तें घासून काढीत, घसरत, सांवरत सराव करतात. मग आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठीं शहरांत जावयाचें, लांकडी तक्तपोशीवर वर्षभर खेळणाऱ्या मुलांशीं गांठ घ्यावयाची, आणि पहिल्याच फेरींत हरून रात्रीच्या गाडीनें परत यावयाचें. लागोपाठ तीन वर्षें असेंच घडलें.

तेव्हां आमच्या एका काटकसरी सहकाऱ्यांनीं क्रीडासमितींत प्रश्न टाकला कीं, हरण्यासाठीं भाडें कशास भरावयाचें? यंदा नांवच देऊं नये. प्रश्न बिनतोड होता. समितींतील माना हलूं लागल्या. आम्हीं फक्त एवढेंच सुचविलें कीं, एकदां मुलांस विचारावें. संघाचा नायक बोलावला गेला. गुहागरकडच्या खेड्यांतील, अंगानें किडकिडीत, असा तो मुलगा. मागील सामना दुपटीहून अधिक गुणांनीं गेला होता, हें त्यानें लपविलें नाहीं. मग जरा थांबून म्हणाला, “सर, त्यांचा जो उंच गडी आहे ना, त्याला उत्तरार्धांत आम्हीं एकदांही मोकळेपणीं चेंडू टाकूं दिला नाहीं. तसा गडी आम्हांला इथें कुठें मिळणार?”

सहकारी म्हणाले, “देवधरांपुढें मुंबई होती; २५ धांवांनीं हरणारी. दुपटीनें हरणाऱ्यांस कसला वाटा?” या आक्षेपास उत्तर देणें आम्हांस प्राप्त होतें, आणि तें बास्केटबॉलच्या इतिहासांतच सांपडलें. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ जॉन वुडन यांच्या हाताखालीं चार हंगाम पूर्णपणें अपराजित राहिला. त्यांतील १९७१-७२ आणि १९७२-७३ हे दोन हंगाम लागोपाठचे, प्रत्येकीं ३० सामन्यांचे. वुडन हेही एके काळीं शाळेंत इंग्रजी शिकवीत, आणि ती शाळा होती साउथ बेंड गांवांत. त्याच गांवाजवळ नोटर डेम विद्यापीठ आहे. डिसेंबर १९७१ मध्यें वुडन यांच्या संघानें नोटर डेमचा ११४ विरुद्ध ५६ असा फडशा पाडला. म्हणजे दुपटीहून अधिक गुणांनीं! नोटर डेमच्या समितींत कोणी काटकसरी गृहस्थ असते, तर त्यांनीं तेव्हांच हात वर केला असता. पण तो संघ पुनः पुनः खेळत व हरत राहिला. अखेर १९ जानेवारी १९७४ रोजीं, लागोपाठ ८८ सामने जिंकून आलेला तोच बलाढ्य संघ साउथ बेंडला आला. शेवटचीं साडेतीन मिनिटें उरलीं असतां नोटर डेम ११ गुणांनीं मागें होता. त्यानंतरचे बाराही गुण त्यानेंच मिळविले, आणि सामना ७१ विरुद्ध ७० असा जिंकला.

आमचीं मुलें अशी कांहीं करामत करतील, असें भाकित आम्ही करीत नाहीं. आम्हांस त्यांचें शेवाळही ठाऊक आहे आणि त्यांची उंचीही. पण देवधरांच्या महाराष्ट्रानें तरी पुढें काय केलें? १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ अशा तीन हंगामांत तो अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, आणि तिन्ही वेळां हरून परत आला. म्हणून पुढील वर्षीं नांव देऊं नये, असें कोणी म्हटलें नाहीं. समितीसही हें पटलें असावें, किंवा आमच्या लांबलेल्या भाषणाचा तिला कंटाळा आला असावा. भाड्याची रक्कम मंजूर झाली.

ज्या दिवशीं लहान गांवांतील महाविद्यालयें हरण्याच्या भीतीनें घरीं बसतील, त्या दिवशीं शहरांतील दोन-चार संघ आपापसांत खेळून अजिंक्य ठरतील, आणि त्यांचें अजिंक्यपद काठेवाडविरुद्धच्या त्या दुपारच्या विजयासारखें होईल. आमच्या मुलांचें नुकसान त्याहून मोठें. चांगला खेळ कसा असतो, हें वर्तमानपत्रांत वाचून कळत नाहीं. त्याच्या समोर उभें राहून, त्याचे धक्के खाऊन कळतें. तें कळण्याचा हक्क भाड्याच्या चार पैशांसाठीं काढून घेणें, ही काटकसर नव्हे. तेव्हां एखाद्या अपराजित संघाचें वर्णन वाचकांच्या दृष्टीस पडेल, तेव्हां त्यांनीं मनसोक्त टाळ्या वाजवाव्यात. मात्र वर्तमानपत्र मिटण्यापूर्वीं, तो संघ कोणाकोणाशीं खेळला, तीं नांवेंही एकदां वाचावींत.