कार्ल्याच्या दारातील जोडपी

मळवली हे पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावरील एक छोटेसे स्टेशन. गाडी येथे मिनिटभर थांबते. सहलीला निघालेली बहुतेक मंडळी पुढे लोणावळ्यालाच उतरतात. परंतु बौद्ध कुटुंबाने आयुष्यात एकदा तरी मळवलीला उतरावे. दक्षिणेकडे पाहिले की लोहगड आणि विसापूर हे किल्ले दिसतात. विसापूरच्या पोटात भाजे लेणी आहेत. उत्तरेकडे, जुना मुंबई-पुणे रस्ता ओलांडून गेले की कार्ले लेणी. मधून रेल्वे धावते, इंद्रायणी वाहते, मोटारी पळतात. आणि दोन्ही अंगांचे डोंगर दोन हजार वर्षे तथागतांचा धम्म पोटात घेऊन उभे आहेत.

आम्ही येथे पुष्कळदा आलो आहोत. पूर्वी मुलाबाळांना घेऊन, भाकरी बांधून यायचो. अलीकडे काही वर्षे मात्र गळ्यात कॅमेरा अडकवून येतो, आणि बरोबर असतात नुकतेच विवाहबद्ध झालेले वधू-वर.

लग्नाचे फोटो काढणे हा आमचा पोटाचा धंदा नाही. कचेरीतील कारकुनी आहे, तिच्यावर घर चालते. हे काम आम्ही धम्मकार्य म्हणून करतो, आणि तेही ठराविक लग्नांचेच. ज्या लग्नाला मांडव नाही, वाजंत्री नाही, पत्रिका नाही, आणि ज्याचे वऱ्हाड एका टेम्पोत बसून वर जागा उरते, अशा लग्नाला आम्ही न बोलावताही जायला तयार असतो. ही लग्ने बहुधा आंतरजातीय असतात. एका बाजूचे, कधी दोन्ही बाजूंचे नातलग रुसलेले असतात. रुसलेले असले तर ठीक, कधी कधी ते शोधात असतात.

अशा लग्नाला आपल्याकडे 'पळून जाऊन केलेले लग्न' म्हणतात. आम्हाला हा शब्द पटत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ती नोटीस नावागावासह कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते. मुदत संपल्यावर तीन साक्षीदारांसमोर सह्या होतात. स्वतःचे नाव-पत्ता महिनाभर फलकावर टांगून जे लग्न करतात, ते पळाले कसे? २०१३ चे सोनई आणि २०१४ चे खर्डा आपण विसरलेलो नाही. हे ठाऊक असूनही जी मुले त्या फलकाखाली उभी राहतात, त्यांच्याइतके धाडस आम्हाला तरी दुसरीकडे दिसत नाही.

अमेरिकेत अलीकडे एक नवी रीत आली आहे. वधू-वर नातलगांचा गोतावळा टाळून, एका फोटोग्राफरला बरोबर घेऊन डोंगरात जातात आणि कड्यावर, बर्फात किंवा धबधब्यापाशी लग्न करतात. कोलोरॅडो राज्यात तर वधू-वरांनी स्वतःच आपले लग्न लावले तरी कायद्याला चालते, पुरोहित लागत नाही. तिकडचे काही फोटोग्राफर हे काम आपल्या ख्रिस्ती श्रद्धेचा भाग मानतात. त्यांना आमच्या शुभेच्छा. फरक एवढाच की, तिकडची जोडपी गर्दी नको म्हणून डोंगरात जातात. आमच्या जोडप्यांना माणसे हवी असतात, पण माणसे त्यांच्याकडे पाठ फिरवून बसलेली असतात. म्हणून तिकडच्या फोटोग्राफरने देखावा टिपला तरी काम भागते. आम्हाला आधी माणूस म्हणून शेजारी उभे राहावे लागते, कॅमेरा त्यानंतर.

साध्या, उघड्यावरच्या लग्नात कमीपणा मानण्याचे आपल्याला कारण नाही. बाबासाहेब आणि माता रमाई यांचा विवाह भायखळ्याच्या बाजारात, दिवसभराचा व्यवहार आटोपल्यावर, उघड्या छपरीखाली लागला होता. बाजारातील दगडी ओटे हीच वऱ्हाडाची बैठक होती. पुढे १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला, तोही आंतरजातीय आणि मोजक्या माणसांत. जात मोडण्याचा खरा उपाय रक्तसंबंध जुळण्यात आहे, हे त्यांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'च्या भाषणात लिहून ठेवले होते.

आता गेल्या हिवाळ्यातील एका रविवारविषयी सांगतो. मुलगा आमच्याच वस्तीतला, भोसरीच्या एका कारखान्यात नोकरीस. मुलगी दुसऱ्या समाजातली, रुग्णालयात परिचारिका. नोंदणी आधीच झाली होती. मुलाची आई, चार मित्र, दोन मैत्रिणी, बौद्धाचार्य आणि आम्ही उभयता, असे वऱ्हाड. मुलीकडचे कोणीही नव्हते.

आम्ही सकाळच्या लोकलने प्रथम देहूरोडला उतरलो. येथील विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. ती मूर्ती रंगूनहून आणलेली आहे. तेथे वंदना करून पुढे जवळच्याच एका वस्तीतील छोट्या विहारात विधी झाला. पांढरी वस्त्रे, निळ्या काठाची साडी, मेणबत्ती, अगरबत्ती. वधू-वरांनी तथागतांना आणि बाबासाहेबांना पुष्पहार घातले. त्रिशरण-पंचशील झाले. मग सिगालोवाद सुत्तात पती-पत्नीची जी पाच-पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांच्या प्रतिज्ञा दोघांनी घेतल्या. पतीची पहिलीच प्रतिज्ञा पत्नीचा सन्मान करण्याची आहे, हे मुलीने दोनदा विचारून घेतले. जयमंगल गाथेनंतर फुलांचा वर्षाव झाला. सारा विधी पाऊण तासात आटोपला.

कोणी विचारील, विधी लेण्यातच का केला नाही? भाजे व कार्ले ही दोन्ही लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तेथे समारंभ करायचा तर लेखी परवानगी लागते. आपल्या पूर्वजांचा ठेवा आहे म्हणून आपणच नियम मोडावेत, हे बरे नव्हे. म्हणून विधी विहारात करावा आणि लेण्यात उपासक म्हणून जावे. तिकीट काढावे, वंदना शांतपणे करावी, भिंतीला हात लावू नये. कॅमेरा हातात धरून साधे फोटो काढायला कोणी हरकत घेत नाही. तीन पायांची घोडी मात्र आम्ही नेत नाही.

दुपारी मळवलीला उतरून आधी भाजे गाठले. स्टेशनपासून पायी जाता येते. गावातून पायऱ्यांची वाट वर चढते. लेणी पश्चिमाभिमुख असल्याने दुपारपर्यंत तेथे सावली असते. येथील चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले मानतात. त्याची कमान घोड्याच्या नालासारखी, आणि छताला लाकडी फासळ्या बसवलेल्या. दगडातले काम करणाऱ्यांना लाकूडकामाची सवय होती, ते या फासळ्यांवरून कळते. जरा पुढे लहान-मोठे चौदा स्तूप एकाशेजारी एक कोरलेले आहेत. दिवंगत थेरांची ती स्मारके. मुलाची आई त्या स्तूपांपुढे बराच वेळ बसली. चटणी-भाकरीचे जेवण आम्ही खाली गावात येऊन केले.

मग रिक्षाने कार्ले. येथे साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. एकवीरा देवीचे देऊळ लेण्याच्या अगदी पुढ्यात असल्याने वाटेवर नारळ-फुलांची दुकाने आणि भाविकांची दाटी असते. त्या गर्दीतून पांढऱ्या साडीतली नववधू चढू लागली की लोक वळून पाहतात. मुलीने दोनदा मागे वळून पाहिले. कोण आले आहे का, हे ती पाहत होती. मुलाचे मित्र न सांगता मागच्या बाजूला झाले.

वर पोचल्यावर डावीकडे सिंहस्तंभ, आणि समोर ते महान चैत्यगृह. सुमारे पंचेचाळीस मीटर लांबीचे, सदतीस खांबांचे. आतल्या स्तूपावर लाकडी छत्र आजही आहे. हे कोणा एका राजाने बांधलेले नाही. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचे यवन, भिक्खू, गंध विकणारा, अशा अनेकांनी आपापले दान दिले आणि ते भिंतीवर, खांबावर कोरून ठेवले. दाराचे काम करणारा धेनुकाकटचा सामी नावाचा सुतार, त्याचेही नाव तेथे आहे. आपल्या कष्टकरी वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

आम्ही वधू-वरांना कार्ल्याला आणतो ते मात्र दर्शनी भिंतीसाठी. दाराच्या दोन्ही अंगांना स्त्री-पुरुषांची जोडपी कोरलेली आहेत, जवळजवळ माणसाच्या उंचीची. खांद्यावर हात, चेहऱ्यावर प्रसन्नता, संकोचाचा लवलेश नाही. ती दानदात्यांची असावीत असे काही अभ्यासक मानतात. पुढे काही शतकांनी त्यांच्या शेजारी बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. विहाराच्या दारात नवरा-बायको जोडीने उभे राहिले, आणि भिक्खुसंघाला त्यात काही वावगे वाटले नाही! घरादाराने दार बंद केलेल्या मुला-मुलीला आम्ही तेथे उभे करतो आणि म्हणतो, "तुमच्या आधी येथे कोण उभे आहे ते पाहा."

फोटोचे तंत्र साधे आहे. लेण्याचे तोंड पश्चिमेकडे असल्याने दुपार कलल्यावर ऊन सरळ दर्शनी भिंतीवर येते. तेव्हा दगडातले चेहरे आणि जिवंत चेहरे सारखेच उजळतात. आतल्या अंधारात पाठीमागे कमानीचा उजेड घेतला तर माणसे काळी पडतात. म्हणून उजेड समोरून घ्यावा, आणि एखाद्या मित्राने पांढरी चादर धरून तो चेहऱ्यांवर परतवावा. फ्लॅश वापरू नये. रोलच्या काळात छत्तीस फोटोंत अख्खे लग्न बसवावे लागे. ती सवय आम्ही सोडलेली नाही. थोडे काढावेत, पण प्रत्येकात माणसे सरळ कॅमेऱ्याकडे पाहणारी असावीत.

तंत्रापेक्षा मोठी जबाबदारी पुढेच असते. पूर्वी फोटो धुऊन यायला आठवडा लागे. आता मोबाईलवरून तो मिनिटात गावभर होतो, आणि शोधात असलेल्यांच्याही हाती पडतो. म्हणून आमचा नियम आहे. मित्रमंडळींनी मोबाईल पिशवीत ठेवावेत. वधू-वर सांगतील तेव्हाच, सांगतील त्यालाच फोटो द्यायचा. त्यात राहण्याचे ठिकाण, कामाची जागा, गाडीचा नंबर दिसता कामा नये. धमकी आली तर गप्प बसू नये. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात सांगितले आहे की, दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नात जातीच्या जमावाला पडता येणार नाही. जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष असावा आणि जोडप्यांसाठी सुरक्षित निवासाचा विचार व्हावा, असे निर्देशही दिले आहेत. नोंदणीचा दाखला आणि या निकालाची प्रत बरोबर ठेवून पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा. नुसत्या फोटोवर विसंबू नये.

त्या दिवशी मुलीने एकच मागणी केली. "काका, एक फोटो आईला पाठवायचाय. डोंगराबिंगराचा नको. लग्नासारखा दिसेल असा द्या." आम्ही दर्शनी भिंतीपुढचा एक निवडला. मधे वधू-वर. मुलाच्या बाजूला त्याची आई. मुलीच्या बाजूला आमच्या आयुष्मती, आपली ठेवणीतली साडी नेसलेल्या. मागे दगडातले जोडपे. तो कागदावर छापून, पत्ता न लिहिता, एका विश्वासू माणसाच्या हाती पाठवला.

पाच महिन्यांनी मुलीला आईचा फोन आला. ती रागावली नाही, रडलीही नाही. तिने विचारले, "तुझ्या बाजूला उभी आहे ती बाई कोण?" मुलीने सांगितले. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग आई म्हणाली, "बरं झालं. कोणी तरी होतं." वडील अजून बोलत नाहीत. पण आई आता महिन्यातून एकदा फोन करते.

समाजबांधवांनो आणि भगिनींनो, आपल्या वस्तीत एखादी परकी मुलगी सून म्हणून आली की आपण मुलाच्या बाजूने गर्दी करतो. अक्षता नाहीत, पण फुले टाकायला सगळे असतात. तिच्या बाजूची जागा मोकळी असते. ती जागा भरणे हे धम्माचे काम आहे. त्यासाठी कॅमेरा लागत नाही, पैसा लागत नाही. एक दिवसाची सुटी आणि एक ठेवणीतली साडी पुरते. महिला मंडळांनी हे मनावर घ्यावे. नोंदणी कार्यालयात साक्षीदार हवे असतील तर तरुणांनी पुढे व्हावे. आणि विधी झाल्यावर दोघांना घेऊन मळवलीला उतरावे. कार्ल्याच्या दारात जागा पुष्कळ आहे.

जय भीम!