औषधाआधी अळीचे नाव

गावोगाव हिंडताना शेतकरी बांधव मला म्हणतात, "साहेब, नाव राहू द्या, औषध तेवढं सांगा." त्यांचेही खरेच आहे. डोळ्यांदेखत घाटे पोखरले जात असताना नावाचे कौतुक कुणाला? पण नाव न कळता मारलेले औषध वाया कसे जाते, हे मला ऑस्ट्रेलियातल्या एका पतंगाच्या हकिकतीवरून नीट उमगले.

आपल्या हरभऱ्यावरची घाटेअळी, तीच तुरीच्या शेंगा आणि कपाशीची बोंडेही पोखरते. तिचे शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. ही ऑस्ट्रेलियातही आहे. तिथे तिची एक चुलतबहीण राहते, हेलिकोव्हर्पा पंक्टिजेरा. ती मूळची त्याच मुलखातली. वॉलेनग्रेन या स्वीडिश अभ्यासकाने १८६० साली तिचे वर्णन करून नाव ठेवले. तरी पुढे कित्येक वर्षे दोघींची गल्लत होत राहिली. १९५३ साली तिथले कीटकशास्त्रज्ञ कॉमन यांनी दोघींमधला भेद स्पष्ट केला. १९६५ साली कॅनडाच्या हार्डविक यांनी या पतंगांचा सारा गोतावळा तपासला आणि हेलिकोव्हर्पा हा निराळा वंश मांडला.

भेद तरी केवढासा! पतंगाच्या मागच्या पंखाला कडेशी काळपट पट्टा असतो. आर्मिजेराच्या पट्ट्यात एक फिकट ठिपका दिसतो, पंक्टिजेराचा पट्टा सलग काळपट. मोठ्या अळीच्या डोक्यामागचे केस आर्मिजेराचे पांढरे, पंक्टिजेराचे काळे. मका-ज्वारीच्या कणसात अळी सापडली तर ती आर्मिजेरा समजावी. पंक्टिजेरा त्या पिकांच्या वाटेला जात नाही.

एवढ्याशा केसांना महत्त्व का? १९८३ साली क्वीन्सलँडमधल्या एमराल्ड भागात कपाशीवर पायरेथ्रॉईड गटाची औषधे फवारूनही आर्मिजेरा मरेना. पंक्टिजेरा मात्र मरत होती. कारण असे, की आर्मिजेरा बहुतेक पिकांच्याच भागात वाढते. फवारणीतून वाचलेल्यांचीच पुढची वीण होते आणि औषध पचवणाऱ्या अळ्या वाढत जातात. पंक्टिजेराचे थवे दूरच्या ओसाड मुलखातून, रानफुलांवर वाढून उडत येतात. त्यांनी औषध पाहिलेलेच नसते.

पंक्टिजेरा आपल्याकडे नाही, पण धडा आपल्यालाही लागू आहे. आपल्या कपाशीवर हिरवी, ठिपक्यांची आणि शेंदरी अशा तीन बोंडअळ्या येतात. शेंदरी तर बोंडाच्या आतच बसते, फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. तेव्हा दुकानात जाण्याआधी दोन-चार अळ्या पाल्यासकट किंवा बोंडासकट डबीत घाला, झाकणाला भोके पाडा आणि तुमच्या कृषी सहायकाला दाखवा. नाव कळले, तर फवारणीचा खर्च वाया जाणार नाही.