भरतीच्या आधी तासभर

गाईड म्हटलं की लोकांना वाटतं, याला घारीची नजर असणार. मला नाही. मला जाड भिंगांचा चष्मा आहे आणि पावसात त्यावर थेंब साचले की गटातल्या शाळकरी पोरालाही माझ्याआधी पक्षी दिसतो. माझ्या खिशात असतं ते भरती-ओहोटीचं कोष्टक. ब्रिटनच्या किनाऱ्यांवर वर्षभर लोकांना प्राणी-पक्षी दाखवत हिंडायचं, तर नजरेपेक्षा तेच जास्त उपयोगी पडतं.

नॉरफोकच्या पश्चिमेला वॉश नावाची विस्तीर्ण खाडी आहे. ओहोटीला तिथे नजर जाईल तिथवर चिखलच चिखल. शरद आणि हिवाळ्यात त्या चिखलात ‘नॉट’ नावाचे साळुंकीएवढे करडे किनारपक्षी हजारोंनी चरतात. ग्रीनलंड आणि उत्तर कॅनडात पिल्लं वाढवून ते इथे येतात. एरवी ते इतके लांब असतात, की दुर्बिणीतूनही नुसते ठिपके. पण अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आलं आणि भरती पुरेशी मोठी असली, की सगळा चिखल पाण्याखाली जातो. मग पाय टेकायला जागा न उरलेले ते थवे उठतात आणि माणसांच्या डोक्यावरून स्नेटिशमच्या खडीच्या बांधामागे, तिथल्या तळ्यांवर जाऊन बसतात.

कोकणात आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, असा तोंडी हिशेब. वॉशला तो जसाच्या तसा लावून चालत नाही. तिथलं उधाण सकाळी लवकर आणि पुन्हा संध्याकाळी चढतं. मालक मात्र दोन्हीकडे चंद्रच. म्हणून मला लोकांना हॉटेलातून काळोखात बाहेर काढावं लागतं आणि पहिला अर्धा तास कोणी माझ्याशी धड बोलत नाही. भरतीच्या वेळेला पोहोचलात तर उशीर झालाच म्हणायचा. तासभर आधी बांधावर उभं राहायचं. पाणी पुढे येताना कळत नाही, चिखलातल्या चरा भरताना तेवढ्या दिसतात. पाणी पायाशी आलं की कडेचे पक्षी बाकीच्यांच्या डोक्यावरून उडून किनाऱ्याच्या बाजूला बसतात, मग त्यांच्या मागचे उडतात, आणि घोळका बांधाकडे सरकत राहतो. शेवटी सगळा थवा एकदम उठतो. वळताना पांढुरकी पोटं चमकतात, पुढच्या क्षणी करड्या पाठी. पंखांचा आवाज अंगावर येतो. या वेळी मी एक शब्द बोलत नाही. बोलणारे गाईड मला आवडत नाहीत.

स्कॉटलंडच्या मल बेटावर काम वेगळं. तिथली पाणमांजरं दिवसाउजेडी समुद्रात मासे धरतात. ओहोटीला केल्प या समुद्री शेवाळाचं रान उथळ होतं आणि त्यांची बुडी सोपी होते, म्हणून तिथेही कोष्टक लागतंच. आधी किनाऱ्यावर खुणा बघायच्या. खडकावर एखादाच गवताचा उंचवटा गडद हिरवा दिसला, की तिथे पाणमांजराची विष्ठा असणार. वर्षानुवर्षं तेच खत पडल्याने गवत माजतं. जवळच गोड्या पाण्याचा ओहळ हवा, कारण केसांतलं मीठ धुतलं नाही तर अंगावरची लव ऊब धरत नाही. मग वारा बघायचा. तो पाणमांजराकडून आपल्याकडे यायला हवा.

पाणमांजर पाण्याखाली जाते ती अर्धा मिनिट, कधी त्याहून कमी. ती खाली असताना आपण चालायचं, वर यायच्या आत खडकासारखं थिजायचं. आठ-दहा मोठी माणसं, त्यातले दोघे बँकेतून निवृत्त झालेले, हा खेळ अत्यंत गंभीरपणे खेळतात. बारीक मासा ती पाण्यात तरंगतच खाते, डोकं वर करून, कचाकचा. मोठा असला तर किनाऱ्यावर आणते, आणि आपण नीट बसलेलो असलो तर अगदी समोर. जेवण झाल्यावर ती केल्पवर अंग घासते आणि झोपते. ती झोपली की आपण निघायचं. इथे लोक नाराज होतात, कॅमेरेवाले जास्तच. पण आपण येण्याआधी ती जे करत होती तेच ती आपण गेल्यावरही करत असली, तरच मी त्या दिवसाचे पैसे हक्काने घेतो.

‘दिसलं नाही तर पैसे परत’ अशा जाहिराती हल्ली दिसतात. मला त्या पटत नाहीत. अशा वचनापायी गाईड एकेक पाऊल पुढे टाकत जातो. मलवर पांढऱ्या शेपटीचे समुद्री गरुड आहेत. ब्रिटनमधला असा शेवटचा गरुड १९१८मध्ये गोळी घालून मारला गेला. १९७५पासून नॉर्वेतून पिल्लं आणून रम बेटावर सोडली आणि १९८५मध्ये मलवर पुन्हा पिल्लू उडालं. इतक्या खटपटीने परत आणलेल्या पक्ष्याच्या घरट्याजवळ जाऊन त्याला त्रास देणं १९८१च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी लांबच थांबलो असतो.

नोव्हेंबरात लिंकनशरच्या डोना नुकला करड्या सीलची पिल्लं होतात. आईच्या दुधात निम्म्याहून जास्त चरबी, त्यामुळे पिल्लू तीन आठवड्यांच्या आत तिप्पट होतं आणि तोवर आई उपाशी. कुंपणापलीकडे सगळं स्वच्छ दिसतं. तिथे गाईड लागत नाही, आणि मी विचारणाऱ्यांना तसं सांगूनही टाकतो.

मुलांकडे आलेले मराठी आईवडील मात्र पफिन पक्षीच मागतात. वेल्समधल्या स्कोमर बेटावर ते ४० हजारांहून जास्त असतात, माणसांना न बिचकता पायवाटेवरून बिळाकडे धावतात. वाट सोडायची नाही, कारण पायाखालची जमीन बिळांनी पोखरलेली असते. वाटेवर पंखांचे आणि पायांचे अवशेष पडलेले दिसतात तेव्हा आजी हमखास विचारतात, हे काय? ते मँक्स शिअरवॉटर नावाचे समुद्रपक्षी. बेटावर त्यांच्या साडेतीन लाखांच्या आसपास जोड्या आहेत. ते रात्रीच्या काळोखातच बिळाशी उतरतात, कारण मोठे काळ्या पाठीचे गल टपलेले असतात. दिवसाच्या फेरीत त्यांतला एकही जमिनीवर दिसत नाही, आणि बेटावर सर्वांत जास्त आहेत ते तेच.

तिकीट काढणाऱ्यांना एकच सांगणं: पफिन हवे असतील तर मे-जूनमध्ये या, फार तर जुलैच्या मध्यापर्यंत. आंब्याचा मोसम चुकतो म्हणून ऑगस्टमध्ये येऊ नका. तेव्हा बेटावर बिळं असतात, पफिन समुद्रावर गेलेले असतात.